पाचवा रांजण

"गप. एकदम गप," नाना म्हणाले आणि त्यांनी झाकणावर टेकवलेला कान उचलला. "कालपासून हा बोलूनच नाही राहिला."

नामदेवनाना गायधनी, वय साठीच्या पुढे, डोक्यावर टोपी, शेडमधल्या मातीवर पालथे पडले होते. त्या शेडमध्ये पाच मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते आणि त्यांत द्राक्षांचा रस सालींसकट आंबत होता. रोज सकाळी चहाच्या आधी नाना एकेका रांजणाला कान लावायचे. रस आंबत असला की आतून बारीक बुडबुड ऐकू येते, शेजारच्या घरात पिठलं रटरटावं तशी. नानांच्या भाषेत रांजण बोलतो. चार रांजण बोलत होते आणि पाचवा मुका झाला होता.

"नाना, कान लावून काय कळणार?" मी म्हटलं. "साखर मोजते थांबा."

"मोज की. पण तो बोलत नाही हे तुझं यंत्र सांगायच्या आधी मी सांगितलं, एवढं ध्यानात ठेव."

मी मोजली. बाकीच्या चार रांजणांत साखर संपत आली होती. पाचव्यात अजून निम्मी शिल्लक होती आणि कालच्या आकड्यापासून ती तसूभर हलली नव्हती. अर्ध्या वाटेत आंबणं थांबलं, की रस एक तर आपणहून पुन्हा उठतो नाहीतर त्याचा शिरका होतो. माझ्या अनुभवात शिरकाच जास्त वेळा झाला होता. आणि हा पाचवा रांजण बिघडला तर काय होणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारी अखेरची. मी तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या एका मोठ्या वायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. एकोणतीस वर्षांची, पांढऱ्या कोटातली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. पिंपळदऱ्याला नानांकडे पहिल्यांदा गेले ती कामासाठीच. त्यांची थोडी द्राक्षं आमच्या वायनरीत यायची, त्यांचे नमुने घ्यायचे होते. नमुने घेऊन निघाले तर नानी, म्हणजे नानांच्या पत्नी इंदुबाई, म्हणाल्या, "मॅडम, आमची घरची चाखून तर जा." आणि त्यांनी स्टीलच्या पेल्यातून काहीतरी गढूळ, तांबूस-पिवळं आणून दिलं. गढूळ वाइन म्हणजे आमच्या लॅबमध्ये सरळ नापास. मी सभ्यतेपुरता एक घोट घेतला आणि पेला हातात धरून तिथंच ओट्यावर बसले. वाळवलेल्या आवळ्याची चव, कोवळ्या चिंचेचा आंबटपणा आणि मागून नव्या माठातल्या पाण्याचा वास. सहा वर्षं मी वाइन तपासत होते. प्यायले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

नंतर कळलं की नानांनी आमच्याच वायनरीच्या तळघरात अकरा वर्षं काढली होती. टाक्या धुवायच्या, पाइप ओढायचे, रस आंबवणाऱ्या यीस्टची पाकिटं कोमट पाण्यात कालवून ओतायची. मग एक दिवस सोडून आले. "पाकीट टाकलं की कुणाच्याबी द्राक्षाची वाइन सारखीच लागते," ते म्हणायचे. "मग माझी बाग गेली कुठं त्यात?" तिथं पाहुणा आलेल्या एका परदेशी माणसानं त्यांना मोबाइलवर जमिनीत पुरलेल्या रांजणांचे फोटो दाखवले होते. नानांनी तसे रांजण सिन्नरच्या एका कुंभाराकडून घडवून घेतले, परवान्यासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या आणि सुरुवात केली. सालीवर जे आपसूक येतं तेवढ्यावरच रस आंबवायचा. वरून यीस्ट नाही, टिकावी म्हणून गंधक नाही, काही नाही.

मी दर रविवारी जायला लागले. मोजायला जाते असं स्वतःला सांगायचे. आमच्या वायनरीला याचा पत्ता नव्हता आणि लागू द्यायचा नव्हता, कारण दुसऱ्या कुणाच्या वायनरीत काम करायचं नाही अशी अट माझ्या नेमणुकीच्या पत्रातच होती. मॅनेजर जोगळेकर त्या बाबतीत कडक होते. एकाला त्यांनी एवढ्यावरूनच घरी बसवलं होतं.

आता अडचण काय होती ते सांगते. नानांचा मुलगा सोपान. माणूस वाईट नव्हता, कष्टाळू होता, पण तीन वर्षं तो वडिलांचे रांजण बघत होता आणि त्याचा धीर सुटत चालला होता. दिवाळीत त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "नाना, तुमची वाइन पाहुणे पितात, वाहवा करतात आणि निघून जातात. ह्या खेपेला खरं गिऱ्हाईक आलं तर बाग ठेवू. नाही आलं तर एप्रिलात जेसीबी लावतो. तिथं खायची द्राक्षं लावायची. बोला."

"दिला शब्द," नाना म्हणाले होते.

त्यावर वाद नव्हता. नानांनी शब्द दिला म्हणजे दगडावरची रेघ. वीस वर्षांची ती बाग त्यांनी स्वतः लावलेली, एकेक वेल नावानं ओळखीची, पण तेही कधी कुरकुरले नाहीत.

मग मीच हातपाय हलवले. वसईचे इग्नेशियस डिमेलो मुंबईतल्या दहाबारा हॉटेलांना वाइन पुरवायचे, तीही फक्त छोट्या बागायतदारांची आणि काहीही न मिसळलेली. त्यांना मी दोन बाटल्या पाठवल्या. आठ दिवसांनी त्यांचा नानांना फोन आला. बाटल्या कुणी पाठवल्या हे त्यांनी विचारलंच नाही, वाइनबद्दल मात्र अर्धा तास बोलले. अकरा मार्चला स्वतः येतो म्हणाले. अटी दोन. पाचही रांजण मिळून एकच माल, त्याहून कमी परवडत नाही. आणि आत काहीही घातलेलं चालणार नाही.

आणि नेमका पाचवा मुका झाला.

नानांनी उपाय केला तो घरगुती. तिसऱ्या रांजणातून दोन तांबे बोलता रस काढला आणि पाचव्यात ओतला. "दह्याला विरजण लावतो, तसं," म्हणाले. मग झाकण ठेवून हात झटकले. "आता कुणी हात लावायचा नाही. बाळंतिणीला आन् रांजणाला घाई करू नये."

"नाना, शिरका झाला तर?"

"झाला तर झाला. त्याचं त्याला होऊ दे."

"आणि बाग?"

नाना माझ्याकडे बघून हसले. "तू लई मोजती गं पोरी."

पोरी म्हणायला ते तेव्हा नुकतेच लागले होते. मला फार बरं वाटायचं ते ऐकून.

गुरुवारी मी आमच्या लॅबमधल्या फ्रिजमधून ओंजळभर यीस्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पर्समध्ये ठेवलं. टाकायचंच असं ठरवलं नव्हतं. जवळ असावं, एवढंच. शुक्रवारी कामावरून सुटल्यावर जाऊन साखर मोजली. आकडा तोच. रांजणाभोवती चिलटं जमायला लागली होती आणि शिरक्याची पहिली खूण तीच असते.

शनिवारी लासलगावला नानींच्या भाच्याचं लग्न होतं. मी सुट्टी टाकून सकाळीच हजर झाले. सगळे नटूनथटून अंगणात उभे. सोपाननं गाडी काढली. नाना शेडमधून गुडघ्यांची माती झटकत बाहेर आले, मोठ्या खुशीत दिसले. त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तू आहे म्हटल्यावर मला घोर नाही," ते म्हणाले. "दुपारची भाकरी नानीनं झाकून ठेवली आहे. खाऊन घे."

गाडी वळणापलीकडे गेली. मी भाकरी खाल्ली नाही. आधी जाऊन साखर मोजली. आकडा किंचित खाली होता, पण इतका किंचित, की मी तो माझ्याच हाताची चूक समजले. कान लावून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. मी शिकलेली बाई, मातीत कशाला लोळू?

नानींच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात पाणी कोमट केलं, त्यात थोडा रस, थोडी साखर आणि वरून पिशवीतलं सगळं यीस्ट. वीस मिनिटांत पातेलं फेसानं वर आलं. लॅबमध्ये हे मी शेकडो वेळा केलं होतं, थेंब कधी सांडला नव्हता. त्या दिवशी पातेलं शेडपर्यंत नेताना दोनदा हिंदकळलं. अंगणातला कुत्रा मागे मागे आला आणि उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिला, त्यालाही मी हाकलून दिलं. झाकण उघडलं. सालींचा थर बाजूला सारून सगळं आत ओतलं, लाकडी दांड्यानं ढवळलं, झाकण ठेवलं. मग पातेलं राखेनं तीनदा घासलं. पिशवी चुलीत घातली. झाकणाच्या कडेला सांडलेले दोन थेंब ओढणीनं पुसले. एवढं सगळं केल्यावर मी स्वतःला सांगितलं, की बाग वाचली. कुणाचं काय वाईट केलं मी?

दुपारी तीनच्या सुमाराला पाचवा रांजण उठला. कान लावायची गरजच नव्हती, दारातून ऐकू येत होतं. बाकीचे चार आपले गप्पा मारल्यासारखे बोलत होते आणि हा भांडायला उठल्यासारखा.

पाच वाजता गाडी आली. नानी हातात लग्नातले लाडू घेऊन उतरल्या. नाना उतरले ते मला बघून लांबूनच ओरडले, "काय म्हणतो आपला पाचवा? सकाळी निघताना दोनदा बोलला बरं का! बारीक, पण बोलला. मी म्हटलं, चला, आता लग्नाला जायला हरकत नाही. नाहीतर मी कुठला हलतो इथून."

मी लाडू हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. सकाळी दोनदा बोलला होता. आकडा किंचित उतरला होता तो चुकीनं नव्हता. त्याचा तो उठत होता, आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

नाना लग्नाच्या धोतरातच शेडमध्ये गेले. मी मागून गेले. ते पालथे पडले आणि कान लावला. एरवी कान लावला की दोन क्षणांत हसायचे. त्या दिवशी बराच वेळ तसेच पडून राहिले. मग उठून बसले, झाकण सरकवलं, आत तोंड घालून वास घेतला. पुन्हा घेतला. झाकण नीट बसवलं, कडेची माती तळहातानं सारखी केली.

"चांगला उठलाय ना?" मी विचारलं.

"उठलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "जेवली का तू?"

"हो."

"बरं."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. नानींनी पातेलं उचललं तरी मला वाटायचं, आता विचारणार. नाना बोलायचे, हसायचे, पण पोरी म्हणेनासे झाले होते, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. पुढच्या रविवारी ते मला बागेत घेऊन गेले. तोडणी झालेल्या वेली मोकळ्या उभ्या होत्या. एका वेलीच्या खोडावर हात ठेवून ते थांबले.

"शलाका, तुला काही बोलायचं आहे का माझ्यासंगं?"

त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी पायाखालच्या ढेकळाकडे बघत राहिले. सांगितलं तर डिमेलोंना ते काय सांगतील? डिमेलोंकडून ही गोष्ट जोगळेकरांपर्यंत पोचली तर? लॅबमधून चोरी, दुसऱ्याच्या वायनरीत काम, आणि एप्रिलमध्ये माझ्या बढतीचं ठरायचं होतं.

"नाही, नाना. काही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

अकरा मार्चला सकाळी दहा वाजता डिमेलो आले. उंच, बारीक, पांढरी दाढी, हातात स्वतःच्या काचेच्या पेल्यांची पेटी. वसईचे असल्यामुळे मराठी अगदी घरची. नानींना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सोपानच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"तू तर जोगळेकरांच्या लॅबमधली ना? तिथं बघितलंय मी तुला. माझा जुना दोस्त आहे तो. इथं कशी?"

"सहज. नानांची ओळख आहे," मी म्हटलं.

ते शेडमध्ये गेले. पहिल्या रांजणातली वाइन पेल्यात घेऊन दारातल्या उजेडात धरली, हुंगली, तोंडात घोळवली, थुंकली. मग पुन्हा तोंडात घेतली आणि या वेळी गिळली. सोपाननं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा मी त्याआधी कधी बघितली नव्हती. दुसरा, तिसरा. चौथ्या रांजणापाशी डिमेलो म्हणाले, "नाना, गेल्या पाच वर्षांत असं काही माझ्या तोंडात गेलेलं नाही." नानी दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पाचव्याला ते थांबले. एकदा हुंगलं. पुन्हा चौथ्याचा पेला हुंगला, पुन्हा पाचव्याचा.

"हा वेगळा आहे," ते म्हणाले. "वाईट नाही. स्वच्छ आहे. जरा जास्तच स्वच्छ." पेला खाली ठेवून त्यांनी नानांकडे बघितलं. "नाना, मी प्रत्येक बागायतदाराला एकदाच विचारतो आणि जे सांगेल ते मानतो. आत काही टाकलंय का?"

नाना बोलले नाहीत.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. नानींच्या हातातल्या बशा एकमेकींना लागून वाजल्या. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत नाना गप्प होते. मला वाटलं, खोटं बोलावं की बोलू नये हे ते ठरवतायत. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते. नाही म्हणा, नाना. नुसतं नाही म्हणा. सगळं वाचेल.

"टाकलंय," नाना म्हणाले. "पाचव्यात. पाकिटातलं यीस्ट."

सोपान पुढे सरकला. "नाना, काय बोलताय तुम्ही?"

डिमेलोंनी हात वर करून त्याला थांबवलं. "कुणी टाकलं?"

पुन्हा तीच शांतता. या खेपेला आणखी लांब. एक माशी पेल्याच्या कडेवर येऊन बसली आणि चालत पूर्ण एक फेरी मारून आली.

"मी," नाना म्हणाले.

डिमेलो खाली बसले, तिथंच मातीवर, नानांच्या समोर. रागावले नव्हते, वाईट वाटलेल्या माणसासारखे बोलले. "तुम्ही खरं सांगितलंत, माझ्यावर उपकार केलेत. पण मला सांगा, ज्या हातानं पाचव्यात टाकलं, त्या हातानं बाकीच्या चारांत टाकलं नाही हे मी माझ्या गिऱ्हाइकांना कसं सांगू? दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कुणी चुकून, न विचारता. तर मी हे चार आत्ता घेऊन गेलो असतो. पाच पाहिजेत ही अट गेली खड्ड्यात, अशी वाइन सोडतो का कुणी? पण तुमचाच हात म्हटल्यावर..."

त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि नानांच्या तोंडाकडे बघत राहिले. मलाही बोलता आलं असतं. दोन शब्द पुरले असते. मी टाकलं. जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणणं खोटं ठरेल, जीभ चांगली सुटी होती. माझ्या डोळ्यांपुढे जोगळेकर होते, त्यांच्या टेबलावरचा माझ्या बढतीचा कागद होता, आणि मी उभी राहिले.

नानांनी नुसती होकाराची मान हलवली. डिमेलोंनी आपले पेले एकेक करून फडक्यानं पुसले आणि पेटीत ठेवले. पोहे कुणीच खाल्ले नाहीत. गाडीत बसताना त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला, पण काही बोलले नाहीत.

गाडी गेल्यावर सोपान वडिलांवर ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. विहिरीच्या कडेला जाऊन पाठ करून बसला. नानी घरात गेल्या. नाना शेडला कुलूप लावत होते. मी म्हटलं, "निघते मी." ते म्हणाले, "सावकाश जा. गाडी हळू चालव."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बढतीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात पिंपळदऱ्याला जेसीबी लागला. महिनाभर मी तिकडे फिरकले नव्हते. कळलं तशी स्कूटर काढून गेले. अर्धी बाग आडवी झाली होती. यंत्र वेलीला मुळासकट उचलून बाजूला टाकायचं, मुळांना लागलेली माती झडायची आणि पुन्हा पुढची वेल. सोपान यंत्राच्या मागे मागे लोखंडी खांब गोळा करत होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घालून कामाला लागला. नाना बांधावर एकटेच उभे होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"नाना, मी टाकलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. अकरा वर्षं त्या पाकिटांच्या वासात काढली मी. झाकण उघडलं आन् कळलं."

मला रडू फुटलं. मी रडत रडत चिडलेही, कारण मला सुटायचं होतं आणि ते मला सुटू देत नव्हते. "मग तुम्ही डिमेलोंना माझं नाव का नाही सांगितलं? सांगायचं होतं ना! चार रांजण गेले असते त्यांच्याबरोबर. ही बाग राहिली असती. तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

जेसीबीनं आणखी एक वेल उचलली. नाना तिकडे बघत होते.

"तुला मी घरात घेतलं होतं," ते म्हणाले. "तुझं नाव तुझ्याच तोंडानं यायला पाहिजे होतं. माझ्या तोंडानं नाही." थोडं थांबून म्हणाले, "त्यानं विचारलं तव्हा मी लगेच बोललो नाही. ध्यानात आहे तुझ्या?"

"आहे."

"तुझ्यासाठी थांबलो होतो."

जेसीबी पुढच्या ओळीकडे वळला.

"दोनदा थांबलो," नाना म्हणाले, आणि खाली पडलेली तार गुंडाळत बागेत उतरले.